पोटरीचं माप

महिन्याभरात तिसऱ्यांदा मास्तरीणबाईंनी कात्री धारवाल्याच्या पुढ्यात आदळली, तेव्हा त्याने चाक थांबवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि कात्रीकडे न बघता त्यांच्याकडेच बघत राहिला.

"आता काय?"

"धार लावली होतीत, की तेलाचं फडकं फिरवून परत दिलीत?"

"गेल्या बुधवारी तुमच्या डोळ्यांदेखत लावली."

"डोळ्यांदेखत चाक फिरवलंत. धार लागली की नाही हे कापडाला कळतं. ही कापत नाही, चावते."

धारवाल्याने एक चिंधी पाण्यात बुडवली, पिळली आणि एका दमात टोकापर्यंत कापून दाखवली. ओली चिंधी सरळ कापली गेली की धार आहे, हे दोघांनाही माहीत होतं. मास्तरीणबाईंनी दोन्ही तुकडे उजेडात धरून पाहिले. खोड काढायला काही सापडेना, तसा त्यांचा पारा आणखीच चढला.

"चिंधी काय, दातांनीसुद्धा फाटते. जाड कापडावर चालवून बघा."

"मी कुठून आणू जाड कापड? मी धार लावतो, कोट शिवत नाही."

"मग धार तरी नीट लावा."

त्याने काहीतरी पुटपुटत कात्री पुन्हा चाकाला लावली. एकतीस वर्षं तो या बाईंच्या कात्र्या सांभाळत होता आणि आजवर त्याला एक शब्द ऐकून घ्यावा लागला नव्हता. हल्ली मात्र बाई गल्लीभर सांगत सुटल्या होत्या की धारवाल्याचा हात गेला, आता त्याने गुमान घरी बसावं. हे त्याच्याही कानावर आलं होतं.

मास्तरीणबाईंचं शिवणाचं दुकान तिथून चौथं. खाली दुकान, वर घर, मध्ये उभा जिना. वय चौऱ्याहत्तर, पाठ ताठ, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत पोचणारा. मुलगा मशीनवर बसायचा, सून जोडणी आणि इस्त्री बघायची, आणि कापायच्या फक्त मास्तरीणबाई. त्या घराचा जुना रिवाजच होता, कात्री ज्याच्या हातात त्याचं दुकान. कापड कुठलं घ्यायचं, काम कधी द्यायचं, कुणाला नाही म्हणायचं, सगळं तोच ठरवणार. आणि ज्याने कात्री खाली ठेवली, त्याने खिडकीतल्या स्टुलावर बसून काजं-बटणं करायची. मास्तरीणबाईंचे सासरे असेच एका सकाळी स्टुलावर जाऊन बसले. त्या दिवसापासून त्यांना कापडातलं कुणी काही विचारलं नाही. त्यांचा चहासुद्धा गार होऊन यायचा. कात्री तेव्हा तिशीतल्या मास्तरीणबाईंच्या हातात आली होती, म्हणजे तो गार चहा पाठवणाऱ्या त्याच.

आणि आता अग्निशमन दलाच्या कोटांचं काम दहा दिवसांवर आलं होतं. दर तीन वर्षांनी चाळीस कोट, ब्लँकेटसारखं जाड लोकरी कापड. घडी घालून दोन कोटांचं कापड एकावर एक ठेवायचं, म्हणजे चार थर, आणि खडूच्या रेघेवरून एका दमात कापायचं. मुलाने मागे विजेवर चालणारं कटर आणलं होतं, पण त्या भुणभुण करणाऱ्या डब्याला कापडातल्या धाग्यांचा कल काय कळणार, असं म्हणून मास्तरीणबाईंनी ते जिन्याखाली टाकून दिलं होतं. चौदा वेळा त्यांनी हे काम हाताने केलं होतं. पंधराव्या वेळी कात्री दुसऱ्या कुणाच्या हातात दिसली, की त्यांची रवानगी स्टुलावर. या एका गोष्टीची त्यांना खरोखर भीती वाटायची. म्हणून त्यांना धार हवी होती, बाकी काही नको होतं.

तसं बघायला गेलं तर गेल्या दोन वर्षांत सगळं जगच निकृष्ट होत चाललं होतं. कापडवाला मापात मारायला लागला होता, कारण मोजून घेतलेलं कापड शेवटी कमीच पडायचं. त्यावरून त्या त्याच्याशी दोनदा कडाकडा भांडल्या होत्या. बरण्यांची झाकणं कारखान्यातूनच चिकटवून यायची. नव्या खुर्च्या बुटक्या करायची टूम निघाली होती. आणि कापड धुऊन धुऊन इतकं ढिलं पडायचं की दर सहा महिन्यांनी त्यांना स्वतःचे कपडे कमरेत आणि दंडात आत घ्यावे लागायचे. दुपारी घर आडवं झालं की त्या हे काम उरकून टाकायच्या. कुणा गिऱ्हाइकाने धुण्याने कपडा दीड इंच वाढला म्हणून तक्रार केली असती, तर त्याला त्यांनी उभ्या उभ्या सोलून काढला असता. पण स्वतःच्या बाबतीत त्यांना ते अगदी पटलं होतं.

खाण्याची कटकट तर त्यांनी नवरा गेल्यापासून मिटवूनच टाकली होती. सकाळी चहा आणि टोस्ट. दुपारी वाटीभर भात, त्यावर भाज्यांचं पातळ पाणी. संध्याकाळी पुन्हा चहा, दोन बिस्किटं, की दिवस संपला. आपण किती हलकं खातो हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायच्या. सून बिचारी रोज ताटात उकडलेलं अंडं ठेवायची आणि ते अंडं रोज बिनबोभाट मुलाच्या ताटात जायचं.

"आई, ते तुमच्यासाठी ठेवलंय."

"मला काय कुस्ती खेळायचीय? या वयात पोटाला असं लागतंच किती?"

सून ताटं उचलायला लागायची. पुढे काही बोलायची तिची छाती नव्हती, कारण कात्री तिच्या हातात नव्हती.

कात्री धारवाल्याकडे टाकून मास्तरीणबाई तशाच दवाखान्यात गेल्या. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या. गोळ्या घ्यायच्या आणि घरी जायचं, पाच मिनिटांचं काम. पण तिथल्या परिचारिकेने त्यांना आतल्या खोलीत नेलं. पासष्टच्या वरच्या सगळ्यांची तपासणी चालू आहे म्हणाली.

"आजी, हे हातात धरा आणि जोरात दाबा."

मास्तरीणबाईंना आजी म्हटलेलं खपायचं नाही. त्यांनी ते मुठीएवढं यंत्र दाबलं. काटा चौदावर थांबला.

"आणखी जोरात."

"दाबतेच आहे." काटा या खेपेला तेरावर.

"अठरा किलोचा तरी जोर हवा, आजी."

"तुमचं यंत्र बिघडलंय."

"सकाळपासून अकरा जणांचं मोजलंय याच्यावर."

"मग अकरा जणांचं चुकलंय."

परिचारिकेने एक खोल श्वास घेतला. तिने त्यांना खुर्चीत बसवलं, हात छातीवर बांधायला सांगितले आणि पाच वेळा उठून दाखवा म्हणाली. मास्तरीणबाई पहिल्यांदा उठल्या, दुसऱ्यांदा कशाबशा उठल्या. तिसऱ्यांदा त्यांचे हात त्यांना न विचारताच गुडघ्यांवर गेले.

"खुर्ची बुटकी आहे," त्या म्हणाल्या.

परिचारिका खाली बसली आणि तिने त्यांच्या पोटरीला टेप लावली. आता मात्र मास्तरीणबाईंना राहवेना. टेप तिरकी, एका बाजूने ढिली, आणि पोटरीचा फुगवटा नेमका कुठे आहे हे आधी हाताने चाचपायचं असतं एवढंही या पोरीला कुणी शिकवलेलं नाही.

"आण इकडे," म्हणून त्यांनी टेप काढून घेतली. वाकून, फुगवटा शोधून, सारखी धरून, बोट न अडकवता माप घेतलं. साडेअकरा इंच. दुसऱ्या पायाचंही साडेअकरा. मग पुन्हा पहिल्या पायाचं.

"किती हवी?"

"तेरा तरी."

टेपवर आणि त्यातून स्वतः धरलेल्या टेपवर संशय घेणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. आयुष्यभर त्यांनी जगाशी या एका टेपच्या जोरावर वाद घातला होता. दीड इंच म्हणजे किती हे त्यांच्याइतकं त्या दवाखान्यात कुणालाच कळत नव्हतं. दीड इंचात कोट अंगाला बसतो नाहीतर लोंबतो.

परिचारिकेने खाण्यापिण्याचं विचारलं. चहा, टोस्ट, भात, बिस्किटं हे ऐकून तिने पेन खाली ठेवलं.

"आजी, यात स्नायूंसाठी काहीच नाही. तुमच्या वजनाला दिवसाला साठेक ग्रॅम प्रथिनं लागतात. तुमच्या पोटात पंचवीससुद्धा जात नाहीत. मग शरीर स्वतःच्याच हातापायांतून ती काढून घेतं."

"म्हातारपणी कमीच लागतं."

"भूक कमी होते. गरज कमी होत नाही, उलट वाढते." मग तिने एकेक करून सांगितलं. अंडी, दूध, दही, डाळी, चणे, मासे, चिकन, जे आवडेल ते, पण सकाळ-दुपार-संध्याकाळ तिन्ही वेळा. एकाच वेळी ढीगभर खाऊन उपयोग नाही. नुसतं खाऊनही भागणार नाही, रोज वजन उचलायचं, खुर्चीतून उठबस करायची, म्हणजे खाल्लेलं स्नायूंना लागेल. मूत्रपिंडाचा रिपोर्ट चांगला आहे, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

"आणि पडलात तर सावरायला हेच स्नायू असतात," ती म्हणाली. "हाड मोडून आलेले लोक मी रोज बघते."

"किती दिवसांत फरक पडेल?"

"तीन-चार महिने धरा."

"मला दहा दिवसांत हवाय."

परिचारिकेला वाटलं त्या गंमत करताहेत. ती हसली. मास्तरीणबाई हसल्या नाहीत. तिने लिहून दिलेला कागद त्यांनी पिशवीच्या तळाशी कोंबला आणि घरी येऊन सांगितलं, गोळ्या मिळाल्या.

दुसऱ्या दिवशी सगळे खाली दुकानात असताना त्यांनी गुपचूप चार अंडी उकडली आणि उभ्याने संपवली. वर वाटीभर चणे खाल्ले, वर ग्लासभर दूध. कामाची तारीख जवळ आली की तीन दिवसांचं काम एका दिवसात बसवायची त्यांना सवय होती, आणि शरीराचंही तसंच असेल असा त्यांचा हिशोब होता. पोटाने तो दुपारपर्यंत पार उधळून लावला. संध्याकाळपर्यंत त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. काय झालं म्हणून सुनेने विचारलं, तर म्हणाल्या ऊन लागलं. बाहेर ढग होते.

असे आठ दिवस गेले. अग्निशमन दलाचं कापड आलं, गठ्ठे भिंतीला रचून ठेवले. मास्तरीणबाई रोज त्या गठ्ठ्यांवरून हात फिरवायच्या, कात्री उघडून मिटून बघायच्या आणि धारवाल्याच्या नावाने बोटं मोडायच्या. शेवटी त्या धारवाल्याच्याच सहनशक्तीचा कडेलोट झाला. नवव्या दिवशी सकाळी तो दुकान तसंच टाकून मास्तरीणबाईंच्या दारात येऊन उभा राहिला. हातात कात्री होतीच, बाईंनी आदल्या दिवशी पुन्हा आणून टाकलेली आणि चौथ्यांदा धार लावलेली.

"आज काय ते होऊन जाऊ दे," तो म्हणाला. "काल तो चपलावाला मला विचारतो, काका, हात थरथरतात का हो हल्ली? तुम्हाला जाड कापड हवं होतं ना? घाला."

"घालते की. मला काय भीती आहे?"

सुनेने गठ्ठ्यातून तुकडा काढून चार थर टेबलावर घातले. मुलाने मशीन थांबवलं. मास्तरीणबाईंनी कात्री लावली. पहिले दोन इंच गेले. तिसऱ्या इंचाला कापड पात्यांत अडकलं. त्यांनी दुसऱ्या हाताने दांडा दाबला, अंगाचा भार टाकला, मनगटाची शीर टरारून वर आली. कात्री मिटली, पण कापड कापलं गेलं नाही, दुमडून आत गेलं.

"बघा," त्या धापा टाकत म्हणाल्या. "बघा तुमची धार."

"सूनबाई, तू धर," धारवाला म्हणाला.

"राहू दे ना, काका. कशाला."

"धर म्हणतो ना."

सुनेने कात्री घेतली. कापडाला लावली, एक इंच कापलं, थांबली. सासूकडे बघितलं आणि कात्री टेबलावर ठेवून दिली.

"खरंच बोथट आहे," ती म्हणाली.

धारवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बोथट? आणि मागच्या दाराने दर पंधरा दिवसांनी तू स्वतःची कात्री माझ्याकडे आणतेस, ती बरी तुला बोथट नाही लागत? दीड वर्षं तुझी सासू दातेरी कडा कापते आणि तू त्या माझ्याच धारेने सरळ करत बसतेस, हे तूच सांगितलंस ना मला? कुणाला सांगू नका म्हणालीस, नाही सांगितलं. आता माझ्या धारेवर आलंय, आता मी का म्हणून गप्प बसू?"

मुलाला एकदम टेबलाखाली काहीतरी पडलेलं दिसलं आणि तो ते शोधायला खाली वाकला. तो बराच वेळ वर आलाच नाही.

मास्तरीणबाईंनी सुनेकडे बघितलं. "खरं आहे?"

"हो."

"सगळ्या कडा?"

"सगळ्या नाही. बऱ्याच. कुठे रेघेच्या आत गेलेलं असेल तर तो भाग नवा कापायची."

म्हणजे कापड त्यामुळे कमी पडत होतं. कापडवाल्याला आपण चोर ठरवून आलो, हे त्यांच्या डोक्यात आलं आणि कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"दीड वर्षं मला बनवलंत तुम्ही. घरच्या घरी. एकाने तोंड उघडलं नाही."

"तुम्हीच शिकवलंत ना!" सून म्हणाली, आणि दीड वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं. "पहिल्याच आठवड्यात शिकवलंत. एक खांदा पडका असेल तर आत कापूस भरायचा. पाठीला बाक असेल तर अर्धा इंच जास्त द्यायचा. माणसाला आरशात ताठ दिसू द्यायचं, आणि माप घेताना चकार शब्द काढायचा नाही. मी तेच केलं. तुमची कड भरून काढली आणि गप्प बसले."

"ते गिऱ्हाइकासाठी. मी काय गिऱ्हाईक आहे?"

"गिऱ्हाईक बरं. एकदा रागावलं की दुसऱ्या दुकानात तरी जातं. आणि तुम्ही काय केलंत, आई? दोन वर्षं अंगातले कपडे आत घेताय. एकाच शिवणीशेजारी चार चार वेळा उसवल्याची भोकं मला दिसत नाहीत? तुमचा दंड माझ्या मनगटाएवढा झालाय. केरात चार अंड्यांची टरफलं सापडतात आणि तुम्हाला ढगाळ हवेत ऊन लागतं. मी काय आंधळी आहे?"

"मग विचारायचं होतंस."

"विचारलं की अंगावर येता. अंडं ठेवलं की कुस्ती काढता. अजून काय करायचं मी? सांगा ना. खरंच सांगा, कारण मला आता सुचेनासं झालंय."

ती रडत नव्हती. ती इतकी वैतागली होती की रडायलाही तिला सुचत नव्हतं. मास्तरीणबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. नेहमीची दहा उत्तरं तयार होती, धारेवरची, खुर्चीवरची, यंत्रावरची. पण पोटरीला त्यांनी स्वतःच्या हाताने टेप लावली होती. त्या शेजारच्या खुर्चीत टेकल्या आणि भलतंच बोलून गेल्या.

"मला त्या स्टुलावर बसायचं नाहीये."

त्यांनी खिडकीतल्या स्टुलाकडे बघितलं.

"तुझ्या आजेसासऱ्यांना मी तिथे बसवलं," त्या सुनेला म्हणाल्या. "पुढे नऊ वर्षं जगले. बोटं चालत होती, डोकं चालत होतं. मी एकदाही विचारलं नाही की बाबा, हे कापड कसं वाटतं. शेवटी शेवटी तर ते जेवायलाही वर येईनात. आम्ही म्हणायचो, बरं आहे, वयोमानाने हलकं खातात."

हे वाक्य बोलून झाल्यावर ते कुठे जाऊन लागतं हे त्यांचं त्यांनाच कळलं. त्यांनी पिशवी ओढली, तळाचा चुरगळलेला कागद काढून सुनेच्या पुढे सरकवला.

"दवाखान्यातल्या पोरीने दिलाय. वाच. टेप धरता येत नाही तिला, पण बाकी बरोबर असावं."

धारवाला दारात अवघडून उभा होता. "मी निघतो," तो म्हणाला.

"थांबा. धार चांगली आहे तुमची."

"हे गल्लीत सांगा."

"सांगेन," त्या चिडून म्हणाल्या. "आता काय दवंडी पिटू?"

दुसऱ्या दिवशी चाळीस कोटांचं कापड सुनेने कापलं. मास्तरीणबाई स्टुलावर बसल्या, कारण दुसरी बसण्यासारखी जागा नव्हती, आणि त्यांनी कोटांची काजं केली. चहा गरम आला, आणि गरम आला म्हणूनच त्यांच्या घशाखाली उतरेना. दर तासाला सून विचारायची, आई, इथे कल असा धरू का, आणि त्या नाइलाजाने सांगायच्या. पण कात्रीचा तो करकर आवाज दुसऱ्याच्या हातून येताना ऐकणं त्यांना फार जड गेलं. पंधरावी खेप त्यांच्या हातून निसटली ती निसटलीच.

त्यानंतरच्या चार महिन्यांत सगळं घर मेटाकुटीला आलं. सुनेने तो कागद स्वयंपाकघरात चिकटवला आणि ती अशी काही मागे लागली की मास्तरीणबाईंना आपली पूर्वीची मुकी सून परत हवीशी वाटायला लागली. सकाळी दोन अंडी आणि दूध. दुपारी घट्ट डाळ आणि दही, नाहीतर मासा. संध्याकाळी चणे किंवा चिकनचं सूप, आणि सूप म्हणजे तुकड्यांसकट, नुसतं पाणी पिऊन वाटी सरकवायची नाही. चावून चावून त्यांचा जबडा दुखायचा. अंड्याचा वास आला की त्या तोंड फिरवायच्या, मग सून त्याच अंड्याचं दुसरं काहीतरी करून आणायची. जेवणानंतर टेबलाला धरून दहा वेळा उठबस. मग जुनी लोखंडी इस्त्री, गार असताना, प्रत्येक हाताने बारा वेळा वर.

"अकरा झाले," सून हातातल्या जोडणीवरून मान वर न करता म्हणायची.

"बारा."

"एकदा टेबलावर टेकवलीत. ते धरलं नाही मी."

"तू डोळे मिटलेस तरी मोजतेस का गं?"

"तुमचीच सून आहे."

पहिल्या महिन्यात पोटरी साडेअकराचीच राहिली आणि मास्तरीणबाईंनी तीन दिवस संप केला. दुसऱ्या महिन्यात त्या जिना कठड्याला न धरता चढल्या, पण हे त्यांच्याऐवजी सुनेच्याच ध्यानात आलं. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी त्यांनी चण्यांची बरणी उघडली आणि मग झाकण हातात धरून त्याकडे बघत उभ्या राहिल्या. चौथ्या महिन्यात माप आलं सव्वाबारा. तेरा नव्हे. परिचारिका म्हणाली, छान आहे, चालू ठेवा, थांबलात की पुन्हा जाईल. म्हणजे हा ससेमिरा जन्माचा, हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

त्याच आठवड्यात शाळेच्या मुख्याध्यापिकेचा कोट आला. साधं कापड, दोन थर. सुनेने खडूच्या रेघा मारल्या, कात्री टेबलावर ठेवली आणि मला इस्त्री करायचीय म्हणून बाजूला झाली. इस्त्री करायला काहीही नव्हतं.

मास्तरीणबाई स्टुलावरून उठल्या, हात न टेकता. टेबलाशी आल्या. कात्री धरली आणि कापायला लागल्या. पाठ झाली, पुढचे दोन्ही भाग झाले, बाह्या झाल्या. दोनदा थांबावं लागलं, पण कापड चावलं गेलं नाही. मुलाने मशीन चालूच ठेवलं होतं, पण सुईखाली कापड नव्हतं.

सून आली. तिने एकेक तुकडा उचलला आणि कडेवरून अंगठा फिरवला. पूर्वी ती तुकडे न बघताच गोळा करून मागे न्यायची. मास्तरीणबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या. आता ही काय करणार, एवढंच त्यांना हवं होतं. चार महिने अंडी गिळली ती यासाठीच. सुनेचा अंगठा उजव्या बाहीच्या काखेशी थांबला. तिने तुकडा उजेडात धरला, रेघेशी ताडून पाहिला.

"आई, हे पाव इंच आत गेलंय. बाही काखेत ओढणार. हा तुकडा बाद."

मशीन थांबलं. मुलगा टेबलाखाली बघायच्या बेताला आला.

मास्तरीणबाईंच्या डोक्यात सणक गेली. चव्वेचाळीस वर्षांत या टेबलावर त्यांचा तुकडा बाद करण्याची कुणाची टाप नव्हती. त्यांनी तो तुकडा सुनेच्या हातून हिसकावून घेतला. कात्री बघितली, तिला धार होती. रेघ बघितली, बारीक आणि स्वच्छ होती. खिडकीतून लख्ख उजेड येत होता. दोष द्यायला त्या टेबलावर दुसरं काहीच शिल्लक नव्हतं. आणि तेवढ्या संतापातही त्यांना आतून बरं वाटलं, खूप दिवसांनी इतकं बरं वाटलं, कारण समोर उभी असलेली ही बाई त्यांना सांभाळून घेत नव्हती.

"हात चुकला माझा," त्या म्हणाल्या. "कापड आण. आणि पुढच्या वेळी असं अर्ध्या तासाने सांगू नकोस, तिथल्या तिथे सांग."